कृष्णाकाठची लावणी

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा वाईचे घाट मागे टाकून खाली उतरते. उंब्रज येथे तारळी नदी तिला मिळते. पुढे कऱ्हाडला कोयना भेटते, आणि मग ती सांगलीच्या काळ्याभोर रानांतून संथपणे वाहू लागते. या नदीच्या काठी ऊस पिकतो, शाळू पिकतो. याच काठी एक कलाही पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहे. ती कला म्हणजे लावणी. लावणीत काव्य आहे, संगीत आहे, अभिनय आहे आणि नृत्यही आहे. शाहिराने रचलेली लावणी कागदावर वाचता येते. पण तिचा खरा साक्षात्कार घडतो तो ढोलकी वाजू लागते आणि नर्तकीच्या पायांतील चाळ बोलू लागतात तेव्हा.

उंब्रजजवळच पाल हे गाव आहे. पौष महिन्यात तेथे खंडोबा आणि म्हाळसा यांचा विवाहसोहळा होतो, आणि भंडाऱ्याच्या उधळणीने तारळीचा काठ पिवळा होऊन जातो. महाराष्ट्रातील अशा यात्राजत्रांनीच तमाशाचे फड पोसले. दसऱ्याच्या सुमारास फड घराबाहेर पडतात ते उन्हाळा सरेपर्यंत गावोगाव हिंडत राहतात. दिवसा प्रवास करायचा, संध्याकाळी कनात उभारायची आणि रात्र जागवायची, असा त्यांचा क्रम असतो.

तमाशाची रचना ठरलेली असते. आरंभी गणपतीला वंदन करणारा गण होतो. त्यानंतर गवळण येते. तीत कृष्ण, पेंद्या, गौळणी आणि मावशी यांचा विनोदी संवाद रंगतो. मग लावण्या होतात आणि शेवटी वग, म्हणजे एखादे कथानक, सादर केले जाते. डफ, तुणतुणे, झांज आणि ढोलकी ही या खेळाची वाद्ये. वगाच्या इतिहासातही सांगली जिल्ह्याला मानाचे स्थान आहे. सावळज येथील उमाबाबू सावळजकर यांचा १८६५ च्या सुमाराचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो.

पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम आणि प्रभाकर या शाहिरांनी लावणीला वैभव प्राप्त करून दिले. परंतु त्या काळी फडात स्त्रीची भूमिका बहुधा पुरुषच करीत असे. कोवळ्या वयाचा मुलगा लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून नाचे. त्याला ‘नाच्या’ म्हणत. फडात स्त्रीने उभे राहावे ही कल्पनाच लोकांना मानवत नव्हती.

हा पायंडा मोडणाऱ्या स्त्रियांत पवळाबाई हिवरगावकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८७० साली संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे झाला. तत्कालीन समाजाने अस्पृश्य मानलेल्या महार जातीत त्या जन्मल्या. अंगी उपजत नृत्यकला, आणि जोडीला सुरेल गळा. त्यांच्या कलेची जोड ज्या शाहिराला लाभली, तो मात्र कृष्णाकाठचा होता. सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष या गावी १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. हेच पुढे पठ्ठे बापूराव म्हणून विख्यात झाले. ब्राह्मण कुळात जन्मलेला हा तरुण गावाचे कुलकर्णीपण सोडून तमाशात गेला, तेव्हा स्वकीयांनी त्याला दूर लोटले. बापूरावांनी शब्द द्यावेत आणि पवळाबाईंनी ते चाळांतून व नजरेतून जिवंत करावेत, असा योग काही वर्षे जुळून आला. ज्या दोन व्यक्तींना एका पंगतीत बसण्याची समाजाची अनुज्ञा नव्हती, त्या दोघांनी एका बोर्डावर उभे राहून महाराष्ट्राला वेड लावले. पवळाबाई १९३९ साली निवर्तल्या. बापूरावांचा अंत १९४५ साली पुण्यात हलाखीत झाला.

या परंपरेतील एक तेजस्वी नाव सातारा जिल्ह्याने दिले. ते म्हणजे यमुनाबाई वाईकर. ३१ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे घराणे कोल्हाटी समाजातील. गावोगाव फिरावे, कसरती कराव्यात, नाचगाणी करावीत आणि लोक देतील त्यावर गुजराण करावी, हे या समाजाचे जीवन. यमुनाबाईंचे बाल्य दारिद्र्यात गेले. आईबरोबर दारोदार हिंडून गाणे हीच त्यांची पहिली शाळा, आणि आई हीच त्यांची पहिली गुरू. ज्या वयात इतर मुली पाटीवर अक्षरे गिरवीत, त्या वयात ही मुलगी धुळीच्या रस्त्यावर ताल गिरवीत होती. पुढे वाई हेच त्यांचे गाव झाले आणि त्या गावाचे नाव त्यांनी आपल्या नावाशी कायमचे जोडले. यमुना, हिरा आणि तारा या तीन नावांनी ओळखली जाणारी त्यांची संगीत पार्टी रसिकांत नावारूपाला आली.

यमुनाबाईंचा विशेष अधिकार होता तो बैठकीच्या लावणीवर. फडाच्या लावणीत नर्तकी उभी राहून नाचते. तिची पावले ढोलकीशी झुंज घेतात. बैठकीच्या लावणीत मात्र गायिका एका जागी बसते. पाय थांबतात आणि सारे नृत्य डोळे, भुवया, मान व बोटे यांत एकवटते. लावणीची एकच ओळ ती पुन्हापुन्हा गाते; पण प्रत्येक वेळी तिचा अर्थ निराळा करून दाखविते. याला ‘अदा’ म्हणतात. समजा, कोणाची तरी वाट पाहणारी एक स्त्री आहे, आणि ‘अजून आले नाहीत’ एवढेच शब्द गायिकेला गायचे आहेत. पहिल्या वेळी तिची नजर दाराकडे वळेल. दुसऱ्या वेळी ती मावळत्या सूर्याकडे पाहून वेळेचा अंदाज घेईल. तिसऱ्या वेळी लटका राग भुवईत उमटेल. चौथ्या वेळी काळजीने आवाज किंचित कापेल, आणि पाचव्या वेळी पावलांची चाहूल लागल्याचा भास होऊन मुखावर क्षणभर हसू फुलेल. शब्द तेच, पण भाव पाच! श्रोत्यांना पाठ असलेली ओळ दरवेळी नवी करून दाखविणे हे काम सोपे नव्हे. त्यासाठी सुरांवर हुकमत हवी, तालाचे भान हवे आणि माणसाच्या मनाची पारख हवी.

कथ्थक नृत्यातही हीच रीत आढळते. म्हणूनच कथ्थकचे थोर नर्तक पंडित बिरजू महाराज आणि यमुनाबाई यांनी एकाच रंगमंचावर आपापली कला सादर केली, तेव्हा रसिकांना त्यात विसंगती वाटली नाही. एकाची कला राजदरबारात वाढली होती, दुसरीची रस्त्यावर. परंतु दोघांचे व्याकरण एकच होते.

यमुनाबाईंना १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१२ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. त्या वेळी त्यांचे वय ९६ वर्षांचे होते. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

सर्वांच्याच वाट्याला असे दीर्घायुष्य आणि असा सन्मान आला नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपूर येथे झाला. भाऊ-बापू नारायणगावकर यांचा प्रसिद्ध फड हेच त्यांचे घर. नृत्य, गायन आणि अभिनय या तिन्ही अंगांत त्या निपुण होत्या. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरीही उतारवयात त्यांना आर्थिक विवंचनेने ग्रासले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने २००६ पासून त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. पदक मिळाले, टाळ्या मिळाल्या. पण म्हातारपणाला आधार मिळाला नाही. कलेचे कौतुक करणे आणि कलावंताची काळजी वाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विठाबाईंच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

कलेवर प्रेम करावे आणि कलावंताला दारात उभे करू नये, ही रीत केवळ आपल्याच देशात होती असे नाही. अमेरिकेत कॅथरिन डनहॅम या कृष्णवर्णीय नर्तकीने कॅरिबियन बेटांत जाऊन तेथील लोकनृत्यांचा अभ्यास केला आणि ती नृत्ये मोठ्या रंगमंचावर आणली. परंतु तेथील अनेक नाट्यगृहांत गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांना वेगवेगळे बसविले जाई. १९४४ साली लुइव्हिल या शहरातील प्रयोगानंतर डनहॅम यांनी प्रेक्षकांनाच सांगितले, की आपल्यासारख्या माणसांना तुमच्याशेजारी बसता येत नाही, तोवर आपण येथे पुन्हा येणार नाही. पुढे ॲल्विन एली या नर्तकाने १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये आपली नृत्यसंस्था स्थापन केली. लहानपणी टेक्सासमध्ये चर्चमध्ये ऐकलेल्या भक्तिगीतांवर त्याने १९६० साली एक नृत्यरचना बसविली, आणि ती जगभर गाजली. ज्यांना समाजाने हीन लेखले त्यांच्याच गाण्यांतून आणि पावलांतून त्या देशाच्या नृत्यकलेचा मोठा भाग घडला.

सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी हेच कार्य मराठीत निराळ्या मार्गाने केले. त्यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केले. ज्यांच्या घामावर शेते आणि गिरण्या चालतात त्यांची दुःखे त्यांनी वगात मांडली.

लावणी आज शहरांतील नाट्यगृहांत सादर होते. शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुलीही ती हौसेने करतात. या प्रतिष्ठेची किंमत मात्र आधीच्या पिढ्यांनी भरली. त्यांनी उपहास सोसला, पण तालात चूक होऊ दिली नाही. ज्यांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्यांनी शेकडो लावण्या मुखोद्गत ठेवून भाषेचे धन जपले. राम जोशी व होनाजी यांचे शब्द आपण आज पुस्तकांत वाचतो. ते शब्द कसे गायचे, कोठे थांबायचे, कोठे नजर उचलायची, ही विद्या मात्र कोणत्याही पुस्तकात उतरली नाही. ती यमुनाबाईंसारख्या स्त्रियांनी एका देहातून दुसऱ्या देहात पोहोचती केली.

अभ्यास

१. फडाची लावणी आणि बैठकीची लावणी यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘एकाची कला राजदरबारात वाढली होती, दुसरीची रस्त्यावर, परंतु दोघांचे व्याकरण एकच होते.’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. कॅथरिन डनहॅम यांनी पुन्हा न येण्याचा निश्चय का केला?
४. कलेचे कौतुक करणे आणि कलावंताची काळजी वाहणे यांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे?
५. तुमच्या गावाच्या यात्रेत कला सादर करणाऱ्या कलावंतांची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.