दहा शेक, पाच आठवडे

आधी बायोप्सीचा रिपोर्ट नीट पाहा. बदललेल्या हृदयाचं रिजेक्शन पेशींमुळे आहे की अँटिबॉडींमुळे, हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. इथे सांगतो ती कृती मुख्यतः पेशींच्या रिजेक्शनसाठी आहे. मिथाइलप्रेडनिसोलोनचे तीन दिवसांचे मोठे डोस झाले, एटीजी (अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन) दिलं, टॅक्रोलिमसची पातळी नीट बसवली, तरीही 2आर किंवा 3आर दर्जाचं, म्हणजे मध्यम किंवा तीव्र, रिजेक्शन परत परत येतंय, अशा वेळी टोटल लिम्फॉइड इरॅडिएशनचा विचार होतो. म्हणजे लसिकाग्रंथींना आणि प्लीहेला किरणांचा शेक.

शेक म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे कॅन्सर उभा राहतो. म्हणून पहिल्याच भेटीत समजावून सांगावं. ही पद्धत हॉजकिन्स लिम्फोमा या कॅन्सरच्या उपचारातून आली हे खरं, पण तिथे पूर्वी 40 ग्रेच्या आसपास किरण देत; इथे सगळे मिळून 8. हल्ला करणाऱ्या लिम्फोसाइट पेशी किरणांपुढे फार नाजूक असतात, त्यांना एवढं पुरतं.

सुरू करण्याआधी टीबी, सीएमव्ही विषाणू, दडलेला एखादा जंतुसंसर्ग शोधून काढा. मायकोफेनोलेट किंवा अॅझाथायोप्रिन बहुधा थांबवतात, मात्र तो निर्णय ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचा; घरी गोळ्या बंद करू नयेत. शेक ओटीपोटापर्यंत जातो, तेव्हा तरुण रुग्णाशी मूल होण्याबद्दल आत्ताच बोला. नंतर बोलून उपयोग नसतो.

मग सीटी स्कॅनवर आखणी. रुग्णाला उताणं, हलता न येता पडून राहावं लागतं. दम लागत असेल तर आधी अंगातलं पाणी उतरवून घ्या. मान, काखा, छातीचा मधला भाग हे एक क्षेत्र. महाधमनीच्या कडेच्या ग्रंथी, प्लीहा, जांघा हे दुसरं. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं शक्य तितकी झाकतात. पेसमेकर असेल तर तेव्हाच सांगा. आखणीसाठी अंगावर केलेल्या खुणा पुसू देऊ नका.

रूढ वेळापत्रक असं: एका वेळी 80 सेंटिग्रे, आठवड्यातून दोनदा, एकूण दहा वेळा. मशीनखाली काही मिनिटं, दुखत नाही.

खरी कसोटी काउंटची. प्रत्येक शेकाआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हवीच. पांढऱ्या पेशी तीन हजारांच्या खाली आल्या किंवा प्लेटलेट घसरल्या की शेक पुढे ढकलतात. नेमकी मर्यादा प्रत्येक केंद्राची आपली असते. पाच आठवड्यांचे सात-आठ झाले तर नातेवाईक हवालदिल होतात. होऊ नका. ढकललेला शेक म्हणजे फसलेला उपचार नव्हे, उलट ती सावधगिरीच आहे, आणि माझ्या मते या उपचारातलं खरं कौशल्य तिथेच लागतं.

या काळात रक्त चढवायची वेळ आलीच तर किरण दिलेलं, पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा. न्यूमोनिया टाळण्यासाठी दिलेल्या कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या चुकवू नका. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की सकाळची वाट न पाहता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

नंतर पुन्हा बायोप्सी, इको. गुण यायला आठवडे लागतात, कधी महिने. सीबीसी मात्र पुढे अनेक वर्षं करत राहायची, कारण काही रुग्णांत उशिरा मायलोडिसप्लेसिया किंवा रक्ताचा कॅन्सर झाल्याची नोंद आहे. आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: कोणत्या भागाला, किती ग्रे, कोणत्या तारखांना. उद्या कुठल्याही कारणाने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तरी हे पान आधी त्यांच्यापुढे ठेवायचं.