एकदम बंद करू नका : झोपेच्या आणि भीतीच्या गोळ्यांविषयी



आपल्या नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद, बिलोली, देगलूर हे तालुके ओलांडले की तेलंगण सुरू होते. तिथे निजामाबाद भागात २०१५ साली एक विचित्र प्रकार घडला. सरकारने भेसळीच्या शिंदीविरुद्ध मोहीम उघडली, विक्री थांबली आणि थोड्याच दिवसांत रोज शिंदी पिणारी माणसे दवाखान्यांत येऊ लागली. कोणाचे हातपाय थरथरत होते, कोणी असंबद्ध बडबडत होते, कोणाला फिट येत होती. त्या शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम आणि अल्प्राझोलाम मिसळले जात होते. यातली शेवटची दोन नावे औषधांची आहेत. मनाची भीती कमी व्हावी, झोप लागावी म्हणून डॉक्टर जी गोळी चिठ्ठीवर लिहून देतात, तीच ही.

त्या माणसांनी कधी गोळी घेतली नव्हती. आपल्या पोटात औषध जाते हे त्यांतल्या पुष्कळांना ठाऊकही नसावे. तरी शरीराला सवय जडली आणि औषध तुटताच शरीराने त्रास दिला. गोळी डॉक्टरांनी दिली की भेसळ करणाऱ्याने, दुःखामुळे घेतली की चैनीसाठी, हे शरीराला समजत नाही. म्हणून ज्याला अशी सवय जडली आहे त्याला ‘मनाने कमकुवत’ म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

आपल्या घरांत ही गोळी बहुधा सरळ मार्गानेच येते. घरात मयत होते, विधवा झालेली बहीण चार रात्री डोळा लावत नाही, कोणीतरी म्हणते, “तिला एक झोपेची गोळी द्या.” कोणाचे ऑपरेशन होते. कोणाचा मुलगा लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहतो आणि परीक्षेच्या धास्तीने त्याचे हृदय धडधडते. गोळी पहिल्या रात्रीच गुण देते. दहा दिवसांसाठी दिलेली चिठ्ठी मग जपून ठेवली जाते आणि तीच दाखवून दोन-दोन वर्षे गोळ्या आणल्या जातात.

खरे तर मयताच्या घरातल्या जागरणावर ही गोळी योग्य उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली स्पष्ट सांगितले की, मोठा आघात झाल्यावर पहिल्या महिन्यात झोप येत नाही म्हणून किंवा केवळ दुःख आहे म्हणून माणसाला या जातीची औषधे देऊ नयेत. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, त्यानंतर लोक पक्क्या छपराखाली झोपायला धजत नव्हते. तो आजार नव्हता. एवढ्या मोठ्या आघातानंतर मन जागेच राहते. त्याला जवळची माणसे लागतात, वेळ लागतो.

या गोळ्या मेंदूतील शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देतात. रोज बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू स्वतःचा शांतपणा कमी करतो. काही आठवड्यांत तीच मात्रा पुरेनाशी होते. आणि गोळी एकदम थांबवली की झोप पार उडते, छातीत धडधडते, घाम येतो, आवाज सहन होत नाही, काहींना फिटही येते. इथेच बहुतेक जण फसतात. त्यांना वाटते, ‘बघा, माझा जुना आजार परत आला, मला गोळी लागतेच.’ पुष्कळदा तो जुना आजार नसतो, गोळी तुटल्याचा त्रास असतो.

आता एक नाजूक गोष्ट. तपसाधनेहून किंवा प्रार्थनासभेहून परतल्यावर, “प्रभूने मला बरे केले, आता गोळ्या कशाला?” असे म्हणून गोळ्या फेकून देण्याचा मोह होतो. कृपा करून असे करू नका. यात श्रद्धेची परीक्षा नाही, जिवाला धोका आहे. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याला मान द्यायला सांगतो आणि औषधे परमेश्वरानेच भूमीतून निर्माण केली असे मानतो. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला रागे भरले नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. बरे होण्याचा आपला मार्गही असाच टप्प्याटप्प्याचा असतो.

ही सवय पाप आहे का? डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी घेणे पाप नव्हे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (क्र. १७३५) म्हटले आहे की अज्ञान, भीती, सवय अशा कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होते, कधी उरतही नाही. चोरून गोळ्या मिळवणे, घरच्यांशी खोटे बोलणे मनाला टोचत असेल तर प्रायश्चित्त संस्कार आहेच. पण धर्मगुरूंजवळ मन मोकळे केल्यावर डॉक्टरांकडेही जायचे आहे.

मग सोडायची कशी? हळू, अगदी हळू. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. मात्रा थोडीथोडी, रुग्णाला झेपेल तशी उतरवायची, ही त्यांची शिकवण. आजचे तज्ज्ञही सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण ५ ते १० टक्केच कपात सुचवतात. आपल्याकडे लोक ‘कमी करतो’ म्हणून एकाची अर्धी गोळी करतात. ती एका फटक्यात ५० टक्के कपात झाली! अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरते, म्हणून काही वेळा डॉक्टर आधी सावकाश उतरणारे डायझेपाम देतात आणि मग ते कमी करतात. हा हिशेब डॉक्टरांनीच करायचा. काही महिने लागतात, कधी वर्षही. मधेच थांबावे लागले तर ती हार समजू नका.

ज्यांना फिटच्या आजारासाठी क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम चालू आहे, त्यांनी हा लेख वाचून काहीच बदलू नये. नैराश्याची औषधे वेगळी, तीही मनाने बंद करू नयेत.

घरच्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. या गोळीवर दारू पडली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. आणि वयस्कर आई-वडील या गोळीने रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतात, खुब्याचे हाड मोडते. त्यांचा विसराळूपणाही कधीकधी वयाचा नसून गोळीचा असतो.

आणि मेडिकल दुकान चालवणाऱ्या आपल्या बांधवांना विनंती. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे जड जाते हे आम्ही जाणतो. पण एकदम नाही म्हणून परत पाठवण्याऐवजी, “आज डॉक्टरांना दाखवा, यात खंड पडू देऊ नका,” एवढे तरी सांगावे.

नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे मनोविकार विभागात दाखवता येते. फोनवर बोलायचे असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचे रिकामे पाकीट आणि जुनी चिठ्ठी बरोबर न्या, आणि रोज खरोखर किती गोळ्या घेता तो आकडा न लाजता सांगा. कमी सांगितलात तर कपातीचा हिशेब पहिल्याच दिवशी चुकेल.