पोंका लोक व एका बापाचें वचन

‘मनुष्य कोणास म्हणावें?’ असें कोणी विचारिलें तर लहान मूलही हंसेल. परंतु १८७९ सालीं अमेरिकेंतील एका न्यायालयांत दोन दिवस ह्याच प्रश्नाचा वाद चालला. ज्या पोंका लोकांमुळें तो उपस्थित झाला त्यांचा वृत्तांत ह्या पाठांत पाहूं.

१. हे लोक कोण?

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांस ‘इंडियन’ हें नांव कोलंबसाच्या चुकीनें पडलें. आपल्या देशाशीं त्यांचा संबंध नाहीं. त्यांच्या शेंकडों जमातींपैकीं पोंका ही एक लहान जमात होय. ओमाहा व ओसेज हे तिचे भाऊबंद असून त्यांच्या भाषा एकाच कुळांतल्या आहेत. नायोब्रारा नदी जेथें मिसूरी नदीस मिळते तेथें, हल्लींच्या नेब्रास्का संस्थानांत, पोंकांचीं गांवें होतीं. त्यांचीं घरें गोल व मातीनें झांकलेलीं असत. बायका नदीकांठीं मका, घेवडा व भोपळे लावीत. उन्हाळ्यांत लोक बायसन नांवाच्या रानगव्यांच्या शिकारीस दूर जात व तंबूंत राहात. मूल बापाच्या कुळाचें समजलें जाई. मृतांस पूर्वजांच्या भूमींत पुरणें हें मोठें कर्तव्य होतें.

२. भूमि कशी गेली?

१८५८ सालच्या करारानें पोंकांनीं आपली बहुतेक भूमि सरकारास दिली व संगमाजवळचा थोडा भाग आपणांकडे ठेविला. पुढें १८६८ सालीं सरकारानें सू लोकांशीं तह केला, त्यांत हा भागही चुकून सू लोकांस देऊन टाकिला. सू लोक बलाढ्य व पोंकांचे वैरी होते. चूक सरकारची, पण शिक्षा पोंकांस झाली. १८७७ सालीं सुमारें ७०० पोंकांस शिपायांच्या पहाऱ्यांत दक्षिणेस, हल्लींच्या ओक्लाहोमा संस्थानाच्या प्रदेशांत, नेण्यांत आलें. तेथें राहावयास घरें नव्हतीं आणि हिंवतापाची साथ होती. शंभरांहून अधिक माणसें मरण पावलीं.

३. वचन

माचु-नाझिन, म्हणजे ‘उभें अस्वल’, हा त्यांचा एक नायक होता. त्याची मुलगी वाटेंतच वारली. १८७८ च्या अखेरीस त्याचा थोरला मुलगाही मरणास टेंकला. ‘मला आपल्या नदीकांठीं पुरा,’ एवढेंच त्यानें बापाजवळ मागितलें व बापानें वचन दिलें. १८७९ च्या जानेवारीच्या २ तारखेस मुलाचीं हाडें बरोबर घेऊन सुमारें तीस माणसांसह तो थंडीवाऱ्यांत उत्तरेस निघाला. दोन महिन्यांनीं ते ओमाहा लोकांकडे पोहोंचले व भाऊबंदांनीं त्यांस आश्रय दिला. परंतु परवानगीवांचून आल्याबद्दल जनरल क्रुक ह्यांस वरून हुकूम आला आणि सर्वांस धरून ओमाहा शहराजवळच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें.

४. न्याय

टिबल्स नांवाचे एक पत्रकार, जे पूर्वीं मेथडिस्ट उपदेशक होते, त्यांनीं ही गोष्ट वर्तमानपत्रांत छापिली. शहरांतील मंडळ्यांच्या पाळकांनीं सरकारास विनंति केली. वेब्स्टर व पॉपल्टन ह्या दोन वकिलांनीं मोबदला न घेतां खटला चालविला. ‘ह्यांस कोणत्या कायद्यानें धरून ठेविलें तें दाखवा,’ एवढीच त्यांची मागणी होती. सरकारी वकिलाचें म्हणणें असें कीं, ही मागणी करण्याचा हक्क ‘मनुष्या’चा आहे आणि कायद्यापुढें इंडियन हा मनुष्य नव्हे. शेवटीं माचु-नाझिन उभा राहिला. आपला हात पुढें करून तो म्हणाला कीं, ह्याचा रंग तुमच्या हातासारखा नाहीं. पण ह्यास भोंसकलें तर मला दुःख होईल, रक्तही तुमच्यासारखेंच निघेल, आणि आपणां दोघांस एकाच देवानें घडविलें आहे.

मे महिन्याच्या १२ तारखेस न्यायाधीश डंडी ह्यांनीं निकाल दिला. शब्दकोशांतील अर्थ दाखवून ते म्हणाले कीं, इंडियन हाही कायद्याच्या अर्थानें मनुष्यच आहे. सबब कैद्यांस सोडावें. मग बापानें मुलाचीं हाडें नायोब्राराच्या कांठीं पुरिलीं.

५. पुढें काय झालें?

ह्या निकालानें सर्व दुःख सरलें असें समजूं नये. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत माचु-नाझिनाचा भाऊ ‘मोठा साप’ ह्यास धरावयास आलेल्या शिपायांपैकीं एकानें गोळी घालून ठार केलें. कांहीं पोंका उत्तरेस परतले व पुष्कळ दक्षिणेसच राहिले, म्हणून आज त्यांच्या दोन मंडळ्या आहेत. उत्तरेकडील जमातीची सरकारी मान्यता १९६० नंतरच्या दशकांत काढून घेण्यांत आली. ती १९९० सालीं परत मिळाली. माचु-नाझिन १९०८ सालीं वारला. २०१९ सालीं वॉशिंग्टन येथील कायदेमंडळाच्या इमारतींत नेब्रास्काच्या वतीनें त्याचा पुतळा उभारण्यांत आला.

कागदावरील एका चुकीनें सबंध जमात देशोधडीस लागली. ती चूक उघडकीस आणावयास एका बापानें पाळलेलें वचन, आणि ज्यांस गप्प बसतां आलें असतें अशा थोड्या माणसांचें धैर्य, ह्यांची गरज लागली.

प्रश्न :— (१) पोंकांची भूमि त्यांच्या हातून कशी गेली? (२) सरकारी वकिलाचें म्हणणें काय होतें व न्यायाधीशांनीं त्यास काय उत्तर दिलें? (३) आपल्या गांवांत ज्यांचें गाऱ्हाणें कोणी ऐकत नाहीं असे कोण आहेत?