निवासी डॉक्टरांचा एक धडा

बेळगुंदीची लेक बाळंतपणासाठी बेळगावच्या थोरल्या दवाखान्यात जाते, तेव्हा रात्री तिच्यापाशी बहुधा शिकाऊ निवासी डॉक्टरच असतो. त्याचे पुस्तकी ज्ञान पक्के असते. पण ठाऊक असलेली गोष्टही ऐन घाईत राहून जाते. हे टाळण्यास शिकविता येईल काय?

२०१० साली जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची यादी कर्नाटकातील एका प्रसूतिकेंद्रात अजमावण्यात आली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा तीत सहभाग होता. यादीतील २९ कामांपैकी पूर्वी सरासरी १० होत, ती २५ होऊ लागली. मात्र उत्तर प्रदेशातील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला, तो असा की, कामे सुधारली, तरी मृत्यू घटले नाहीत. तेव्हा नुसती यादी हाती देऊन भागत नाही, असे आम्हांस वाटते.

निवासी डॉक्टराने आपल्याच कक्षातील एक उणीव धरावी व आठवडाभर मोजावी. हात धुतले गेले नाहीत, तर ‘कोणी?’ याआधी ‘का?’ विचारावे. नळाला पाणी होते का? साबण कोठे होता? एक बदल करून पुन्हा मोजावे. आणि परिचारिका ‘डॉक्टर, थांबा’ म्हणाली, तर थांबावे. हे शिकविणे सर्वांत अवघड. कारण ते वरिष्ठांना आधी स्वतः करून दाखवावे लागते.