संगणकाचे उघडे पोर्ट : कोणत्या प्रोग्रॅमच्या ताब्यात?

कार्यालयाची इमारत एक असली तरी आवक-जावक, रोख भरणा, दाखले यांसाठी खिडक्या निरनिराळ्या असतात. नेटवर्कला जोडलेल्या संगणकाचेही तसेच आहे. त्याचा पत्ता एकच असतो. परंतु आलेला संदेश कोणत्या प्रोग्रॅमकडे जावा, हे ० ते ६५,५३५ यांपैकी एका क्रमांकावरून ठरते. या क्रमांकास 'पोर्ट' म्हणतात. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, तर विंडोजमधील फाइलींच्या सामायिक वापरासाठी ४४५ हा क्रमांक रूढ आहे.

उघड्या खिडकीवर कोण बसले आहे, हे कार्यालयप्रमुखास ठाऊक असावयास हवे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या उपद्रवी प्रोग्रॅमने ४४५ या पोर्टमधूनच अनेक देशांतील संगणकांत शिरकाव करून फाइली कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. वस्तुतः त्या उणिवेवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध करून दिली होती.

विंडोज संगणकावर हा शोध दोन टप्प्यांत घ्यावा. प्रथम 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'नेटस्टॅट -एएनओ' ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. पडद्यावर येणाऱ्या यादीत स्थानिक पत्त्याच्या शेवटी पोर्ट क्रमांक व अखेरच्या स्तंभात प्रक्रिया क्रमांक दिसतो. 'लिसनिंग' याचा अर्थ, तेथे कोणी प्रोग्रॅम जोडणीची वाट पाहत आहे. पत्ता १२७.०.०.१ असल्यास ती खिडकी त्याच संगणकापुरती असते, ०.०.०.० असल्यास, फायरवॉलने अडविले नसेल तर, बाहेरूनही तेथे पोहोचता येते.

त्यानंतर 'टास्क मॅनेजर'च्या 'डिटेल्स' विभागात तोच प्रक्रिया क्रमांक शोधावा, म्हणजे प्रोग्रॅमचे नाव कळते. केवळ नावावर विसंबू नये. उपद्रवी प्रोग्रॅम परिचित नाव धारण करू शकतो. म्हणून त्याची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हेही पाहावे. ४४५ समोर ४ हा प्रक्रिया क्रमांक आढळतो. तो खुद्द विंडोज प्रणालीचा असल्याने बंद करावयाचा नसतो; सामायिक वापराची गरज नसल्यास ते पोर्ट फायरवॉलद्वारे अडवावे. लिनक्सवर याच कामासाठी 'सुडो एसएस -टीयूएलपीएन' ही आज्ञा आहे.

अनोळखी प्रोग्रॅम आढळल्यास तो घाईने पुसून टाकू नये. पोर्ट, प्रक्रिया क्रमांक, फाइलीचे स्थान व वेळ यांची नोंद करावी, संगणक नेटवर्कपासून अलग करावा आणि तंत्रज्ञास कळवावे. ही नोंदच पुढील तपासाचा आधार ठरते.