साडेबारा टक्के माहीत आहेत; दहा टक्के माहीत आहेत का?



जासईत शाळकरी पोराला विचारा, 'साडेबारा टक्के' म्हणजे काय ते तो सांगेल. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात इथल्या मातीत पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. पण ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याच्या हाती त्यातलं काय आलं? आज मी ज्या टक्क्यांविषयी लिहिते आहे, त्यांना सातबारा लागत नाही. उत्पन्नाचा दाखला लागतो.

आधी माझी चूक सांगते. मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात रात्रपाळीला होते. यार्डात हमाली करणाऱ्या एकाला पोटाच्या दुखण्याने आणलं. काउंटरवर अनामत रक्कम मागितली. भाऊ पैशांसाठी दारोदार फिरला आणि पहाटे परतला, तोवर ऑपरेशन थांबलं होतं. अपेंडिक्स फुटलं. माणूस वाचला, पण बायकोच्या कानातलं गेलं आणि डोक्यावर कर्ज बसलं. मी सलाईन लावलं, धीर दिला. पण "अनामत मागता येत नाही" हे चार शब्द बोलले नाही. कारण मलाच ते ठाऊक नव्हतं. नर्सिंगच्या अभ्यासात तो धडा नव्हता. तो आज आपण शिकू.

कायदा काय सांगतो?

ट्रस्टच्या नावाने नोंदलेली रुग्णालयं करात आणि इतर सवलती घेतात. त्या बदल्यात गरिबांवर उपचार करणं हे त्यांचं कर्तव्य आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक मध्ये ते लिहिलेलं आहे. पण पाळलं जात नव्हतं, म्हणून जनहित याचिका झाली आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने योजना ठरवून दिली. तिच्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

• १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, उपचार मोफत.
• आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी, सवलतीच्या दरात.
• इतर रुग्णांच्या बिलातले २ टक्के 'निर्धन रुग्ण निधी'त जमा करायचे. गरिबाच्या औषधांचा, साहित्याचा खर्च त्यातून होतो.
• जीव धोक्यात असेल तर रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं, तब्येत स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे. अनामत मागायची नाही.

म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नाही. त्या खाटेपुढे हात जोडून नव्हे, कागद घेऊन उभं राहायचं.

कागद आधी, आजार नंतर

अडचण इथेच येते. माणूस आयसीयूत असताना घरचे दाखल्यासाठी धावतात. तहसील कार्यालय रात्री उघडं नसतं. म्हणून ही तयारी आजच करा:

१. उरण तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा. सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. दाखल्यावरची मुदत बघा आणि संपण्याआधी नवा काढा. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे एकदा नाकारलं म्हणून गप्प बसू नका.

२. रेशनकार्ड आणि घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं यांच्या प्रती एका पिशवीत ठेवा. ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.

३. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आजार बसतो का विचारा. बसत नसेल तर वैद्यकीय समाजसेवकाकडे जा आणि निर्धन रुग्ण म्हणून खाट मागा.

४. तोंडी नकार घेऊ नका. साध्या कागदावर लिहा: "माझा रुग्ण अमुक तारखेला, अमुक वाजता दाखल झाला आहे. आमचं वार्षिक उत्पन्न इतकं आहे. दाखला जोडला आहे. निर्धन रुग्ण योजनेचा लाभ द्यावा. नाकारायचा असल्यास कारण लेखी द्यावं." दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. हा कागद हातात आला की काउंटरवरची भाषा बदलते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

५. तरीही ऐकलं नाही, तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. पनवेल-कामोठ्याचं रुग्णालय रायगड जिल्ह्यात येतं, वाशी-नेरूळचं ठाणे जिल्ह्यात. पोच घेतलेली प्रत तक्रारीला जोडा.

सरकारी दवाखान्याने परत पाठवलं तर?

१९९२ साली पश्चिम बंगालमधला हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी 'खाट नाही', 'सोय नाही' म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्च झाला. त्याची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने सांगितलं की तातडीचा उपचार न देणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. हकीम शेखला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. एकट्या मजुराला हे जमलं नसतं. संघटना होती म्हणून जमलं.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे?

आणायचे नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा.

या महिन्याचा गृहपाठ

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास थांबा. कोणाकडे दाखला आहे, कोणाची मुदत संपली, कोणाचं रेशनकार्ड अजून गावाकडच्या नावावर आहे, याची वही करा. लिहिता येणाऱ्या मुलींना हे काम द्या. एकट्या, म्हाताऱ्या माणसांचे अर्ज आधी भरा.

त्या रात्री मी गप्प राहिले. तुम्ही राहू नका.

जय भीम!