समुद्राला जाताय, मग तिथी बघून जा

अगं मने, बोर्डीला जायचं ठरवलंत हे फार छान केलंत. मे महिन्यात गंगापूर रोडवर दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. पोरांना चार दिवस वाळू आणि वारा मिळू दे. पण माझं सासर डहाणूकडचं, म्हणून हक्काने सांगते, नीट ऐक.

आपण सोमेश्वरला नदी बघत वाढलो. नदीला एक दिशा असते. समुद्र दिवसातून दोनदा येतो नि दोनदा जातो. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी कुठल्या कुठे मागे जातं आणि पोरं ओल्या वाळूवरून त्याच्यामागे धावत सुटतात. पाणी परततं ते आधी खोलगट जागांतून. पुढे गेलेल्याला आपल्या पाठीमागे पाणी भरलंय हे कळतही नाही.

सासूबाई कॅलेंडर बघून भरती सांगायच्या. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, द्वादशीला नऊ. हा मुंबईकडचा अंदाज झाला. बोर्डीला भरती आणखी थोडी उशिरा येते, तेव्हा गावात विचारून पक्कं कर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि ओढतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असते, समुद्र त्यातल्या त्यात निवांत. तुमची तारीख अजून ठरायचीय ना? मग अष्टमी धरूनच जा. आणि ओहोटी लागली की सगळ्यांना पाण्याबाहेर काढ, कुणी कितीही रडलं तरी.

1 फेब्रुवारी 2016 ला मुरूड-जंजिऱ्याला पुण्याच्या कॉलेजची सहल गेली होती. 14 मुलं-मुली बुडाली. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. अजून आठवलं की पोटात कालवतं गं.

रोहन त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात पोहायला शिकलाय, म्हणून निर्धास्त राहू नकोस. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत, बिनफेसाचा दिसतो. पोरांना तीच जागा सोपी वाटते, आणि किनाऱ्यावर आलेलं पाणी नेमकं तिथूनच आत परतत असतं. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीबाहेर पडायचं, मग लाटांबरोबर परत यायचं. हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घे. विवेकरावांना सांग, गाडी वाळूवर घालू नका. चाक रुतलं की भरती थांबत नाही.

आता तुझ्यासाठी. दरवेळी तू सगळ्यांच्या चपला, मोबाइल, टॉवेल सांभाळत किनाऱ्यावर बसतेस, ते मला मुळीच आवडत नाही. साडी नको, ओढणी नको, भिजली की पायात गुंतते. सरळ टी-शर्ट आणि लेगिंग घाल. कोण बघतंय याचा विचार करू नकोस, तिथे जो तो आपल्या पोरांमागे असतो. भरती चढत असताना गुडघाभर पाण्यात जा, हवं तर कंबरेपर्यंत, पोरांचे हात धरून. पिशव्या तेवढा वेळ विवेकराव सांभाळतील.